सुई हातात देऊ नये

आमच्या हॉस्पिटलच्या भिंतींवर एकूण चौदा सूचना आहेत. त्यांतल्या तेरा मी लिहिल्यात. चौदावी, जिन्यात थुंकू नये ही, बिल्डिंगच्या सोसायटीची. तिचा जेवढा उपयोग होतो तेवढाच माझ्या तेरांचा होतो हे मला ठाऊक आहे. तरी मी लिहिते.

मी मैत्री बनसोडे. कर्वेनगरातल्या एका वीस खाटांच्या हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर. वीस वर्षं झाली. रक्तातून पसरणाऱ्या आजारांपासून कामावरच्या माणसांचं रक्षण व्हावं म्हणून आमच्याकडे एक समिती आहे. तिची अध्यक्ष, सचिव आणि सभासद मीच. दर सोमवारी सकाळी आठला मी सगळ्यांना पंधरा मिनिटं उभं करते आणि तेच ते सांगते. हातमोजे घाला. वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका. सुई पांढऱ्या डब्यातच टाका. टोचली तर लपवू नका. आमचे सर्जन आणि मालक डॉक्टर अनिरुद्ध शेवटी विचारतात, "झाला का परिपाठ?" मी म्हणते, "झाला. आता वर्गात जाऊन बसा."

ह्या परिपाठाला अकरा वर्षं न चुकता पहिल्या रांगेत उभ्या राहतात त्या इंदुबाई. आमच्याकडे आया आहेत. हडपसरच्या पुढच्या मांजरीहून दोन बसगाड्या बदलून येतात आणि तरी माझ्या आधी पोचलेल्या असतात. टाके घालायच्या खोलीत मदतीला त्याच. कामाला वाघ. एकच खोड, ती म्हणजे कुणी सुई हातात देऊ लागलं की त्या घेत नाहीत. ट्रे पुढे सरकवतात आणि म्हणतात, "ठिवा खाली. मी उचलते. सुई, मीठ, मिरची हातात दिऊ नये, सिस्टर. भांडान व्हतं."

आता ह्यात मला झोंबण्यासारखं काय? तर माझ्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर शनिवारी बसून नखं कापली. तेव्हापासून आमच्या घरात नखं शनिवारीच कापतात. मांजर आडवं गेलं तर माझे वडीलही थांबायचे, पण ते त्याला बिस्किट द्यायला. अशा घरातून आलेल्या बाईला रोज सकाळी 'भांडान व्हतं' ऐकावं लागणं म्हणजे दाताखाली खडा. अकरा वर्षं मी सुई ट्रेमध्ये ठेवत आले, पण दर वेळी कपाळाला आठी घालून.

त्यात गेल्या महिन्यात दीक्षा आली. नवी नर्स, बावीस वर्षांची, हाताला चलाख. पंधरा दिवसांत ती इंदुबाईंच्या मागेमागे 'मावशी, मावशी' करत फिरायला लागली, आणि मला जे नको होतं तेच तिनं आधी उचललं.

मंगळवारची सकाळ, अकराचा सुमार. एप्रिलचं ऊन. जयसिंग नावाचा रसवंतीवाला अंगठ्याला फडकं गुंडाळून आला. ऊस तोडताना कोयता निसटला होता. डॉक्टरांनी भूल देऊन चार टाके घातले, आठवड्यानं टाके काढायला या म्हणाले आणि हात धुवायला गेले. जयसिंग बाहेर गेला. खोलीत राहिलो मी, दीक्षा आणि इंदुबाई. भूल दिलेली सिरिंज ट्रॉलीवर तशीच पडली होती. सुई उघडी, टोकाला त्याचं रक्त. मी ती उचलली. पांढरा डबा इंदुबाईंच्या बाजूला होता.

"सिस्टर, ट्रेमध्ये ठेवा ना," दीक्षा म्हणाली. "हातात दिली की भांडण होतं, मावशी म्हणतात."

माझं डोकं फिरलं.

"नाव काय गं तुझं?"

"दीक्षा."

"कुणी ठेवलं?"

"आजोबांनी."

"लावू का त्यांना फोन? म्हणावं, नाव ठेवलंत ते परत घ्या."

ती लालबुंद झाली. तिथं थांबायला हवं होतं. पण जीभ सुटली की माझा हातही सुटतो. मी सिरिंज सरळ इंदुबाईंसमोर धरली.

"घ्या इंदुबाई. हातात घ्या. बघू या आपलं भांडण होतं का."

"नगं, सिस्टर."

"घ्या म्हणते ना!"

सिस्टरनं सांगितलेलं इंदुबाईंनी कधी मोडलेलं नाही. त्यांनी हात पुढे केला. ऐन वेळी मन कचरलं असावं, त्यांनी तो मागे घेतला; आणि मी, आता घेतायत असं समजून, माझा पुढे रेटला.

"आई गं," एवढंच त्या म्हणाल्या.

हातमोज्याच्या तर्जनीवर आतून एक लाल ठिपका उमटला आणि बघता बघता पसरला. इंदुबाईंनी मोजा ओढून काढला आणि बोट तोंडाकडे नेलं. मी त्यांचं मनगट धरलं, नळाखाली नेलं, साबण लावला. दाबायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं पाणी वाहू द्यायचं. हे सगळं मी दर सोमवारी सांगते. दीक्षा भिंतीला टेकून पांढरीफटक उभी होती.

डॉक्टर आले. ओरडले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. त्यांनी एकच विचारलं, "पेशंट कुठाय?"

पेशंट गेला होता. 'गिऱ्हाईक खोळंबलंय' म्हणत पैसे देऊन निघून गेला होता. रिसेप्शनवरच्या राकेशनं केसपेपर पुढे केला. त्यावरचा फोन नंबर नऊच आकड्यांचा होता.

पुढचं भराभर केलं. इंदुबाईंचं रक्त तपासणीला घेतलं. हिपॅटायटिस बीची चिंता नव्हती. तीन डोस झालेले होते. तिसऱ्याच्या वेळी त्या पळून जात होत्या आणि मी त्यांना बस स्टॉपवरून धरून आणलं होतं. राहिले दोन, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. सीला लसही नाही आणि आधी घ्यायची गोळीही नाही. नुसती वाट बघायची. एचआयव्हीसाठी अशा वेळेला म्हणून ठेवलेल्या गोळ्या होत्या, त्यांतली पहिली डॉक्टरांनी तिथल्या तिथे दिली. महिनाभर रोज घ्यायच्या. पोटात ढवळतं, डोकं जड होतं. पेशंटच्या रक्तात काही नाही असं कळलं, तरच त्या मधेच थांबवता येतात.

"म्हंजी मला काय झालं का?" इंदुबाईंनी विचारलं.

"काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण खात्री करायची. अशा टोचण्यातून एचआयव्ही हजारात तीन जणांना होतो."

हजारात तीन. हा आकडाही माझाच, सोमवारचा, लोकांना धीर यावा म्हणून सांगते तो. त्या क्षणी मला ते तीनच दिसत होते. बाकीचे नऊशे सत्त्याण्णव कुठे गेले होते कोण जाणे.

"आम्ही पेशंटचं रक्त तपासून घेतो," मी म्हणाले. "तुम्ही काळजी करू नका. घरी जा, आराम करा." पेशंट हरवलाय हे सांगायची हिंमत मला झाली नाही. मी त्यांना रिक्षात बसवलं. रिक्षा वळेपर्यंत त्या ते बोट दुसऱ्या हातात धरून बसल्या होत्या.

मग अपघाताची नोंद. तो फॉर्मही मीच तयार केलेला. कुणाला टोचली, कधी टोचली, हातमोजे होते का. शेवटचा प्रश्न: 'हा अपघात कसा टाळता आला असता?' मी लिहायला शब्द शोधत वर बघितलं, तर समोर भिंतीवर सूचना क्रमांक सहा. माझं अक्षर. लाल शाई.

'धारदार वस्तू हातातून हातात देऊ नयेत. ट्रेमध्ये ठेवाव्यात. दुसऱ्याने ट्रेमधून उचलाव्यात.'

सहा वर्षं ती सूचना तिथं होती. सहा वर्षं मी तिच्याखाली उभी राहून इंदुबाईंच्या नावानं बोटं मोडत होते. बाई अकरा वर्षं माझाच नियम पाळत होती, मी तो लिहायच्याही आधीपासून; फक्त तिचं कारण मला पसंत नव्हतं. आणि कारणावर राग काढायच्या नादात नियम मोडला कुणी, तर समितीच्या अध्यक्ष, सचिव आणि सभासदांनी. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी फॉर्मवर लिहिलं: 'चूक माझी. मी सुई हातात दिली.' खाली पूर्ण नावानं सही केली.

दुपारी दीक्षाला मागे बसवून स्कूटर काढली. केसपेपरवर पत्ता होता, 'कानिफनाथ रसवंती, कोथरूड'. पुण्यात उन्हाळ्यात ह्या पत्त्यावर माणूस शोधणं म्हणजे काय ते पुणेकराला सांगायला नको. निम्म्या रसवंत्या कानिफनाथ, उरलेल्या नवनाथ. पौड रोडला तीन मिळाल्या, आत गल्ल्यांत आणखी चार.

"जयसिंग आहेत का इथे?" मी पहिल्याच ठिकाणी विचारलं.

"ही रसवंती आहे," गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले. "चौकशीची खिडकी स्टेशनला आहे."

तेव्हा आधी रस घ्यायचा आणि मग विचारायचं, असं ठरलं. चौथ्या दुकानात एक जयसिंग खरोखर निघाले. सत्तरीचे होते. त्यांनी दहाची दहा बोटं आमच्यापुढे धरली, एकावरही ओरखडा नव्हता, आणि वर विचारलं, "का हो, कुणाचं लग्न जमवताय का?" सातव्या दुकानापर्यंत माझ्या पोटात एवढा ऊस झाला होता की कारखाना निघाला असता. संध्याकाळी दीक्षा फुटपाथवरच बसली.

"माझ्यामुळे झालं, सिस्टर. मी बोलायलाच नको होतं."

"तू बरोबर बोललीस," मी म्हणाले. "शहाणपणा माझा नडला. ऊठ."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. लागावा असं काही मी केलंही नव्हतं.

बुधवारी सकाळी आठला मी गेले तर इंदुबाई हजर. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. गोळीनं रात्री दोनदा उलटी झाली होती.

"अहो, तुम्हाला घरी थांबा म्हटलं होतं ना?"

"घरी बसून काय करू, सिस्टर?" त्या बाकावर टेकल्या. "तनू आलीय न्हवं माहेराला, बाळंतपनाला. पोरगं बावीस दिसांचं हाय. रोज पाटंला त्येला मी आंघूळ घालते, तेल लावते, आन मग बस पकडते. काल सांजपास्नं हात लावला न्हाय त्येला. आज आंघूळ घातली न्हाय. तनूला म्हनलं, हात दुखतूय. ती बावरली, तिला कुठं येतंय. नुसतं पुसून ठिवलं. घरी ऱ्हायलं तर लेकरू डोळ्याम्होरं रडतंय आन मला उचलता येत न्हाय."

"इंदुबाई, आंघोळ घातल्यानं, जवळ घेतल्यानं काही होत नाही. हे मी दर सोमवारी..."

"ठाव हाय. तुमी सांगता ते समदं पाठ हाय मला. पर आपलं लेकरू आसलं की पाठ केल्यालं आठवत न्हाय बगा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या मानसाचं रगत काय म्हनतंय?"

मी त्यांच्या शेजारी बसले. आता लपवून काही उपयोग नव्हता.

"तो माणूसच सापडत नाहीये, इंदुबाई. त्याचा नंबर चुकीचा लिहिलाय. काल आम्ही सगळं कोथरूड पालथं घातलं. कानिफनाथ नावाच्या सगळ्या रसवंत्या पाहिल्या."

"कोन? जयसिंग?"

"हो."

"त्येची रसवंती कोथरूडात कुठं हाय? हितंच हाय, कॅनॉलच्या कडंला, धा मिन्टावर. आन ती कानिफनाथ न्हाय, नवनाथ. त्येला ऊस आमचा संभाजी घालतो. माझा पुतन्या. काल जयसिंग टेबलावर झोपला तवा मला वळखलं की त्यानं. 'मावशी, तुमी हितं?' म्हनला."

खरंच म्हणाला होता. मी तिथंच होते. पण मी टाक्यांचा दोरा कापत होते, आणि पेशंट आयेशी काय बोलतो ह्याकडे लक्ष द्यायची मला सवय नव्हती. मागे राकेश पुटपुटला, "रसवंती म्हटल्यावर मला वाटलं कानिफनाथच असणार, आणि कोथरूडातलीच. मीच लिहिलं." तेवढ्यात इंदुबाई उठून उभ्या राहिल्या.

"मला इचारलं का?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण तो आवाज मी अकरा वर्षांत ऐकलेला नव्हता. "येकदा तरी इचारलं का, इंदुबाई, वळखता का ह्या मानसाला? तुमी शिकल्याल्या, आमी अडानी. आमाला काय इचारायचं! अकरा वर्सं सांगतीय, खाली ठिवा, खाली ठिवा. हसता तुमी. हसा. पर जबरदस्तीनं हातात का दिली? मला घ्यायची न्हवती. तुमचा मान म्हनून हात म्होरं केला म्या. तुमचा मान! आन तुमी मला घरला धाडून रस पीत फिरला? माझं लेकरू हितल्या धा मिन्टांसाठी बिनआंगुळीचं ऱ्हायलं!"

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फुटला. डॉक्टर दारापर्यंत आले आणि आल्या पावली परत गेले. दीक्षा खाली बघत होती. मी उभी होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. कालपासून मला कुणी बोललंच नव्हतं. डॉक्टर गप्प, राकेश गप्प, आणि ज्यांनी बोलायचं त्या इंदुबाई रिक्षात बसताना मलाच 'जपून ऱ्हावा' म्हणाल्या होत्या. ते ऐकण्यापेक्षा हे ऐकणं कितीतरी सोपं होतं.

"चुकलं माझं, इंदुबाई," मी म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकलं. हात जोडते."

"हात नगा जोडू," त्या म्हणाल्या. "गाडी काढा."

दहा मिनिटंही लागली नाहीत. जयसिंग पट्टी बांधलेला अंगठा वर धरून गल्ल्यावर बसला होता आणि त्याची बायको मैना यंत्रात ऊस घालत होती. मी त्यांना बाजूला बोलावलं आणि काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. तुमच्या सुईनं ह्यांना टोचलं, टोचवली मी. तुमचं रक्त तपासायला मिळालं तर ह्यांच्या गोळ्या थांबतील. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, तो तुमचा हक्क आहे.

जयसिंगचा चेहरा पडला. "म्हणजे मला कायतरी झालंय का, सिस्टर?"

"माहीत नाही. बहुतेक काही नाही. माहीत नाही म्हणूनच तपासायचं."

"तसलं काय नाय हां माझं. माळकरी मानूस हाय मी."

"माळकऱ्यालाही काविळीची लागण होते. तुमच्या वागण्याबद्दल मी काही म्हणतच नाहीये. तुमच्या जागी कुणीही असतं तरी हेच विचारलं असतं."

त्यानं इंदुबाईंकडे बघितलं. त्या पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या.

"मावशीला टोचली व्हय?" तो म्हणाला. "मग इचारताय काय? घ्या की. बाटलीभर घ्या."

"रिपोट काय आला ते मला बी कळलं पायजे," मैना यंत्र न थांबवता म्हणाली.

"तो ह्यांना कळेल," मी म्हणाले. "ह्यांनी सांगितला तर तुम्हाला."

"सांगत्यात. न सांगून जातील कुठं?"

लॅब आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. जयसिंगकडून संमतीची सही घेतली, रक्त घेतलं. ती सुई मी स्वतः पांढऱ्या डब्यात टाकली. रिपोर्ट चारला मिळेल म्हणाले. जयसिंग दुकान बायकोवर सोडून बाकावर बसून राहिला. इंदुबाईंना बसवेना, त्यांनी फडकं घेतलं आणि पुसलेला पॅसेज पुन्हा पुसायला लागल्या. मी गॉजच्या घड्या घालत बसले; नंतर मोजल्या तर आठवडाभराच्या झाल्या होत्या.

डॉक्टरांनी जयसिंगला आत बोलावलं, दार लावलं. मी बाहेर. रिपोर्ट त्याचा, आधी त्यानं ऐकायचा, हा नियमही माझाच. दोन मिनिटं झाली. तीन झाली. इंदुबाईंचं फडकं एकाच फरशीवर फिरत होतं.

दार उघडलं. जयसिंग अंगठा वर धरूनच बाहेर आला.

"मावशी," तो तिथूनच ओरडला, "माझं रगत बेस हाय! तिन्ही बी न्हाईत!"

इंदुबाई होत्या तिथंच खाली बसल्या, ओल्या फरशीवर. दीक्षानं जाऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले. डॉक्टर मागून येऊन सांगत होते, की आता गोळ्या बंद, तीन महिन्यांनी एकदा नियमाप्रमाणे इंदुबाईंचं रक्त पुन्हा बघू, पण त्यात आता घाबरण्यासारखं काही राहिलेलं नाही. मी ऐकलं, मान डोलावली, कपडे धुवायला टाकतो त्या खोलीत गेले, दार लावलं आणि रडले. वीस वर्षांत ड्यूटीवर मी रडले नव्हते. छातीवरून पोतं उतरवून ठेवल्यासारखं झालं. एवढा आनंद मला बी.एस्सी. नर्सिंगच्या निकालालाही झाला नव्हता.

बाहेर आले तेव्हा इंदुबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. सुट्टी कुणी दिली नव्हती आणि त्यांनी मागितलीही नव्हती.

"मी सोडते तुम्हाला," मी म्हणाले.

"मांजरीला? आवो, बस हाय की."

"बस रोजच आहे. बसा मागे."

हडपसरची गर्दी पार करून मांजरीला पोचेपर्यंत साडेपाच झाले. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला बारा मजली इमारती, मध्ये त्यांचं पत्र्याचं घर. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि तो ऐकल्यावर इंदुबाई गाडी पुरती थांबायच्या आत उतरल्या.

त्यांनी आधी मोरीत जाऊन हात धुतले. साबण लावून, बोटांच्या फटींतून, मनगटापर्यंत, जसं मी शिकवते तसं. मग तनुजाच्या मांडीवरून बाळ उचललं आणि त्याच्या मानेत नाक खुपसून उभ्या राहिल्या. तनुजा कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती. तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

"आई, हात बरा झाला का गं?"

"झाला," इंदुबाई म्हणाल्या. "पानी ठिव तापत."

"आत्ता? संध्याकाळी कुणी आंघोळ घालतं का?"

"सकाळची ऱ्हायलीय त्येची."

तनुजानं पाणी ठेवलं. इंदुबाई मोरीत पाटावर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, पाय लांब केले आणि बाळाला पालथं पायांवर घेतलं. तळहातावर तेल ओतून त्यांनी ते बोटांनी पसरलं आणि त्या बोटांनी, त्या एका बोटासकट सगळ्यांनी, त्याची पाठ चोळायला लागल्या. बाळ दोन हुंदके देऊन गप्प झालं.

"सिस्टर," वर न बघता त्या म्हणाल्या, "पान्याचं तेवढं बगा. तनू कडक करून ठिवती."

मी चप्पल काढून आत गेले, बाही सारली आणि बादलीत कोपर बुडवून पाहिलं. कडकच होतं. मी थंड पाण्याचा एक तांब्या ओतला, पुन्हा कोपर बुडवलं आणि बादली त्यांच्या हाताशी सरकवली.